गर्भपाताचा सल्ला घ्यायला जाताना

डॉक्टरांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो. शेवटची पाळी कधी आली होती? ‘दिवस नेमके कधी राहिले’ हे कोणालाच सांगता येत नाही, म्हणून तो प्रश्न कोणी विचारत नाही. पाळीची तारीख मात्र आठवावी अशी अपेक्षा असते. त्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून गर्भाचे आठवडे मोजतात. टेबलावर बहुधा औषध कंपनीने दिलेली पुठ्ठ्याची गोल चकती असते, एकावर एक बसवलेली दोन वर्तुळं. आतलं वर्तुळ फिरवून बाण तुमच्या तारखेवर आणला, की आज कितवा आठवडा चालू आहे ते कडेवर दिसतं. पुढची सगळी चर्चा त्या एका आकड्यावर चालते.

हा आकडा ऐकून अनेकजणी दचकतात. समजा, १ मार्चला पाळी आली. पुढची २९ मार्चच्या सुमारास यायला हवी होती, ती आली नाही. आठवडाभर वाट पाहून ५ एप्रिलला घरीच पट्टीवर तपासलं, दोन रेषा उमटल्या. बाईच्या हिशेबाने ‘आत्ताशी आठवडाच वर गेलाय’. डॉक्टर म्हणतात, पाच आठवडे पूर्ण. त्यांची मोजणी चुकलेली नसते. गर्भ राहण्याआधीचे साधारण दोन आठवडेही तीत धरलेले असतात, आणि कायदाही याच मोजणीने चालतो. हेच उदाहरण कॅलेंडरवर पुढे नेऊ. गोळ्यांनी गर्भपात करण्याची नऊ आठवड्यांची मुदत ३ मेला संपते. बारा आठवडे २४ मेला भरतात. एका डॉक्टरच्या मतावर गर्भपात करता येतो ती वीस आठवड्यांची हद्द १९ जुलैला येते आणि चोवीस आठवडे १६ ऑगस्टला. म्हणजे पट्टीवर दोन रेषा दिसल्यापासून सगळ्यात सोपा मार्ग हातात असतो तो जेमतेम चार आठवडे.

आणि हे चार आठवडे फार लवकर उडतात. आधी पपई खाऊन, तीळ-गूळ खाऊन, कोणी सांगितलेले काढे पिऊन वाट पाहिली जाते. मग ‘कोणाला कळलं तर’ म्हणून दूरच्या गावचा दवाखाना शोधला जातो. तिथे गेल्यावर ‘नवऱ्याला घेऊन या’, ‘लग्नाचा दाखला आणा’, ‘पोलिसांत तक्रार केलीय का’ असं ऐकून परत फिरावं लागतं. यातली बहुतेक कागदपत्रं कायद्याने मागितलेलीच नाहीत. म्हणून पहिल्या भेटीत काय विचारतील, काय तपासतील, कुठे सही घेतील आणि काय मागायचा त्यांना अधिकार नाही, हे आधी माहीत असलेलं बरं. हेलपाटे वाचतात, आणि हेलपाट्यांबरोबर आठवडेही.

पहिली अडचण दाराशीच येते. गर्भपात कोणी आणि कुठे करायचा हे ठरलेलं आहे. सरकारी रुग्णालय असेल तर वेगळ्या मान्यतेची गरज नाही. खासगी दवाखान्याला जिल्हा पातळीवरच्या समितीची मान्यता लागते, आणि त्या मान्यतेचं प्रमाणपत्र, ‘फॉर्म बी’, दर्शनी भागात लावायचं असतं. बाकड्यावर बसल्या बसल्या भिंतीकडे नजर टाका. नोंदणीच्या इतर चौकटींमध्ये तेही टांगलेलं दिसायला हवं. नऊ आठवड्यांपर्यंतच्या गोळ्या मात्र डॉक्टर आपल्या साध्या कन्सल्टिंग रूममधूनही देऊ शकतात. अट एवढीच, की गरज पडली तर रुग्णाला मान्यताप्राप्त ठिकाणी हलवता येईल अशी सोय त्यांच्याकडे हवी आणि तसा दाखला तिथे लावलेला हवा. डॉक्टर ॲलोपॅथीचेच लागतात, त्यातही या कामाचं प्रशिक्षण वा अनुभव असलेले. गल्लीतल्या बीएएमएस किंवा बीएचएमएस डॉक्टरांवर घरादाराचा कितीही विश्वास असला, तरी कायद्याने हे काम त्यांचं नाही. हे सांगितलं की काहींना राग येतो, पण नियम असाच आहे.

सरकारी म्हणजे जिल्हा रुग्णालय, उपजिल्हा रुग्णालय, पुष्कळ ठिकाणी ग्रामीण रुग्णालय. पुण्यात ससून, मुंबईत केईएम, सायन, नायर आणि महापालिकेची प्रसूतिगृहं. तिथे ही सेवा मोफत मिळते, पण रांगेची तयारी ठेवावी लागते. १९४९ साली मुंबईत सुरू झालेल्या भारतीय कुटुंब नियोजन संघटनेसारख्या संस्थांचे दवाखानेही आहेत. खासगी ठिकाणी पैशांबद्दल आधीच मोकळेपणी विचारावं. सांगितलेल्या रकमेत सोनोग्राफी, रक्त तपासणी, औषधं आणि नंतरची भेट धरली आहे का, की प्रत्येकाचे वेगळे? या प्रश्नात लाजण्यासारखं काही नाही.

काउंटरवर बसलेली मुलगी केसपेपर काढताना ‘काय होतंय?’ असं सगळ्यांसमोर विचारते. तिथे पूर्ण गोष्ट सांगायची गरज नाही. ‘पाळीची तक्रार आहे, डॉक्टरांशीच बोलायचंय’ एवढं पुरतं. रोज असल्या दहा तक्रारी येणाऱ्या दवाखान्यात कोणी वळून बघत नाही. आधार कार्ड सोबत ठेवावं, कारण बहुतेक ठिकाणी मागतात; कायद्याने मात्र ते सक्तीचं केलेलं नाही. आधीचे रिपोर्ट, सिझेरियन झालं असेल तर त्याचे कागद, चालू असलेल्या गोळ्यांची पाकिटं आणि शेवटच्या पाळीची तारीख लिहिलेली चिठ्ठी, एवढं पर्समध्ये असलं की पुरे.

आत गेल्यावर एक गोष्ट हक्काने मागावी: एकटीने बोलायची वेळ. सासू, नवरा, मित्र, आई, जे कोणी सोबत आलं असेल त्यांना थोडा वेळ बाहेर बसवायला सांगता येतं. चांगले डॉक्टर न सांगताही तसं करतात. ‘ताई, हे तुमचं तुम्ही ठरवलंय ना? कोणी जबरदस्ती तर करत नाही?’ हा प्रश्न दोन्ही बाजूंनी महत्त्वाचा आहे. नको असताना मूल ठेवायला लावणारी घरं आहेत, तशी हवं असताना पाडायला लावणारीही आहेत. आणि बाईच्या संमतीवाचून केलेला गर्भपात हा गंभीर गुन्हा आहे. अजून ठरत नसेल तर तसंही सांगावं. सल्ला घ्यायला आलं म्हणजे त्याच दिवशी सगळं उरकलं पाहिजे असं नाही. उलट ठरलेलं असेल, तर ‘चार दिवस विचार करून या’ असं डॉक्टरांनी सांगण्याचीही गरज नाही. काही देशांत सल्ला आणि गर्भपात यांच्यामध्ये सक्तीचे थांबण्याचे दिवस असतात. आपल्या कायद्यात तसं काही नाही.

मग कारण विचारतात. इथे बाईला वाटतं आपली उलटतपासणी चालली आहे, म्हणून थोडं कायद्याकडे वळू. गर्भपात हा इंग्रजांच्या दंडसंहितेपासून गुन्हा होता आणि आजच्या भारतीय न्याय संहितेतही, कलम ८८ मध्ये, आहे. १९७१ च्या वैद्यकीय गर्भपात कायद्याने त्याला अपवाद दिला: ठरावीक कारणांसाठी, ठरावीक मुदतीत, पात्र डॉक्टरने केला तर गुन्हा नाही. थोडक्यात, डॉक्टरला मिळालेलं हे संरक्षण आहे, आणि म्हणून कारण त्यांना कागदावर लिहावंच लागतं. कारणं अशी: गर्भ वाढू दिला तर बाईच्या जिवाला धोका किंवा तिच्या शारीरिक वा मानसिक आरोग्याला गंभीर इजा, मुलात मोठं व्यंग असण्याची दाट शक्यता, बलात्कारातून राहिलेला गर्भ, आणि गर्भनिरोधक फसणं. शेवटचे दोन प्रसंग मानसिक आरोग्याला गंभीर इजा करणारे आहेत असं कायदा स्वतःच मानतो, वेगळा पुरावा मागत नाही. ‘निरोध फाटला’, ‘गोळी चुकली’ एवढं सांगणं पुरेसं असतं. मूळ कायद्यात गर्भनिरोधक फसण्याचं कारण ‘विवाहित स्त्री आणि तिचा नवरा’ यांच्यापुरतं होतं. २०२१ च्या दुरुस्तीत तिथे ‘स्त्री आणि तिचा जोडीदार’ आलं. त्यामुळे ‘लग्न झालंय का?’ हा प्रश्न केसपेपर भरताना विचारला जाईलही, पण ‘नाही’ या उत्तरावर कोणाला परत पाठवता येत नाही. इतकं असूनही बाईला ‘मला नको आहे’ एवढ्यावर गर्भपात करून घेता येतो असं आपला कायदा आजही म्हणत नाही. निर्णय तिचा, पण मत डॉक्टरचं. ही गाठ ५० वर्षांत सैल झाली, सुटली नाही.

यानंतर तब्येतीचे प्रश्न. आधीची बाळंतपणं किती, सिझेरियन झालंय का, तांबी बसवलेली आहे का, अंगावर पाजताय का, फिट्स, हृदयविकार, रक्तदाब, रक्त पातळ होण्याच्या गोळ्या, दम्यासाठी वा संधिवातासाठी स्टिरॉइड, कसली ॲलर्जी. प्रत्येकामागे कारण असतं. तांबी आत असताना गर्भ राहिला तर गोळ्या देण्याआधी ती काढतात. स्टिरॉइडच्या गोळ्या बरेच दिवस चालू असतील किंवा रक्त न गोठण्याचा आजार असेल तर गर्भपाताच्या गोळ्या टाळतात. आधीचं सिझेरियन पहिल्या तीन महिन्यांत सहसा आड येत नाही. घरगुती उपाय करून झाले असतील, दुकानातून आणून एखादी गोळी घेतली असेल, तर तेही सांगावं. डॉक्टर रागावतील या धास्तीने बायका नेमकं हेच लपवतात, आणि उपचार ठरवायला नेमकं तेच लागतं.

वजन, नाडी, रक्तदाब, मग आतून तपासणी. आतून तपासताना सोबत नर्स किंवा मावशी असावी असं म्हणता येतं. रक्तात मुख्यतः दोन गोष्टी बघतात: हिमोग्लोबिन आणि रक्तगट. हिमोग्लोबिन आठच्या खाली असेल तर गोळ्यांनी घरी होणारा रक्तस्राव जड जाऊ शकतो, म्हणून दुसरा मार्ग सुचवतात. रक्तगट निगेटिव्ह असेल तर पुढच्या गरोदरपणात गुंता होऊ नये म्हणून ‘अँटी-डी’ इंजेक्शन देतात. हे इंजेक्शन महाग असतं, म्हणून खर्च विचारताना तेही विचारात घ्यावं.

सोनोग्राफीबद्दल थोडं सविस्तर लिहिलं पाहिजे. पाळीची तारीख पक्की आठवत असेल आणि तपासणीशी जुळत असेल, तर सुरुवातीच्या आठवड्यांत कायदा सोनोग्राफीची सक्ती करत नाही. तरी बहुतेक डॉक्टर करवून घेतात, आणि त्यात शहाणपण आहे. जिची पाळी अनियमित आहे, किंवा बाळंतपणानंतर जिला पाळी आलेलीच नाही, तिला चकती काय कामाची? दुसरं म्हणजे गर्भ पिशवीतच आहे ना, हे बघायचं असतं. तो गर्भनळीत अडकला असेल तर गोळ्यांनी पडत नाही, आणि नळी फुटली तर जिवावर बेतू शकतं. पाच-सहा आठवड्यांचा गर्भ पोटावरून नीट दिसत नाही, म्हणून योनीमार्गातून, बारीक नळीसारख्या प्रोबने बघतात. त्यासाठी लघवी करून जायचं असतं. पोटावरून बघायचं असेल तर उलट, तांब्याभर पाणी पिऊन थांबायचं. पडद्यावरचं चित्र बघायचं नसेल, ठोके ऐकायचे नसतील, तर आधी सांगावं. स्क्रीन वळवता येते, आवाज बंद करता येतो.

आणि इथेच एक वेगळा फॉर्म समोर येतो, ज्यावर लिहावं लागतं की घरी मुलगे किती, मुली किती. हा ‘फॉर्म एफ’ गर्भपात कायद्याचा नव्हे, गर्भलिंग निदान रोखणाऱ्या १९९४ च्या कायद्याचा. गरोदर बाईची कुठलीही सोनोग्राफी करायची तर तो भरावा लागतो, मूल ठेवायचं असो वा नसो. ‘मला गर्भाचं लिंग जाणून घ्यायचं नाही’ अशा अर्थाच्या मजकुराखाली तुमची सही, आणि आपण ते सांगितलं नाही या मजकुराखाली डॉक्टरांची. असा कायदा देशात सगळ्यांत आधी, १९८८ मध्ये, महाराष्ट्राने केला. त्याची गरज होती आणि आहे. पण त्याची एक बाजू दवाखान्यात बसलेल्या बाईला सोसावी लागते: दोन मुली असलेली बाई सात आठवड्यांवर गर्भपातासाठी आली तरी तिच्याकडे संशयाने बघितलं जातं, कधी ‘आमच्याकडे होत नाही’ म्हणून वाटेला लावलं जातं. सात आठवड्यांच्या गर्भाचं लिंग सोनोग्राफीत दिसत नाही, हे त्या डॉक्टरलाही ठाऊक असतं. दोन कायदे वेगळे आहेत, त्यांची सरमिसळ झाली की भरडली जाते ती बाई. असं कोणी परत पाठवलं तर वाद घालण्यात दिवस घालवू नयेत. सरळ जिल्हा रुग्णालय गाठावं.

आता सही. गर्भपाताच्या संमतीचा कागद म्हणजे ‘फॉर्म सी’. एका पानाचा, अगदी साधा. नाव, कोणाची मुलगी वा पत्नी, वय, पत्ता, आणि अमुक ठिकाणी माझा गर्भपात करायला मी संमती देते, एवढंच. वय १८ पूर्ण असेल तर सही फक्त बाईची. त्याच कागदावर खाली पालकासाठी जागा असते. ती अल्पवयीन मुलीसाठी किंवा मानसिक आजारामुळे स्वतः निर्णय घेऊ न शकणाऱ्या बाईसाठी आहे. पुष्कळ दवाखाने तिथे किंवा वेगळ्या कोऱ्या कागदावर नवऱ्याची सही घेतात. ‘पुढे भानगड नको’ हे त्यांचं कारण; पण कायदा ती मागत नाही. आपल्याला न विचारता बायकोने गर्भपात केला म्हणून तिच्यावर आणि डॉक्टरांवर भरपाईचा दावा लावणाऱ्या नवऱ्याला पंजाब आणि हरियाणा उच्च न्यायालयाने दाद दिली नव्हती, आणि २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही त्याची याचिका फेटाळली. त्याआधी २०१६ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने तुरुंगातल्या गरोदर बायकांच्या प्रश्नाची स्वतःहून दखल घेतली आणि गर्भ ठेवायचा की नाही हा निर्णय बाईचाच, मग ती कैदी असो वा नसो, असं बजावलं. म्हणून डॉक्टरांना नम्रपणे विचारता येतं, ‘फॉर्म सीवर माझी एकटीची सही चालते ना?’ फॉर्मचं नाव माहीत असलेल्या बाईशी दवाखान्याचं बोलणं जरा बदलतं, हे खरं आहे.

सही करण्याआधी पद्धत ठरवायची. नऊ आठवड्यांच्या आत असाल तर दोन्ही मार्ग खुले असतात, आणि निवड बरीचशी तुमच्या सोयीवर असते.

गोळ्यांच्या किटमध्ये पाच गोळ्या असतात. पहिली, मिफेप्रिस्टोन २०० मिलिग्रॅमची, गर्भ टिकवणाऱ्या प्रोजेस्टेरॉन या संप्रेरकाचं काम बंद पाडते. ती साधारणपणे डॉक्टरांसमोरच घ्यायची असते, आणि त्यानंतर बहुतेकींना काहीच जाणवत नाही. तिसऱ्या दिवशी उरलेल्या चार गोळ्या, मिसोप्रोस्टॉलच्या. त्यांनी पिशवी आवळू लागते, कळा येतात, रक्तस्राव सुरू होतो. बहुतेकींचा गर्भ चार-सहा तासांत पडतो. पाळीपेक्षा दुखणं जास्त, रक्त जास्त, गाठीही पडतात. थंडी वाजते, मळमळतं, जुलाब होतात. त्यामुळे तो दिवस कसा आणि कुठे काढायचा हे आधी ठरवावं लागतं. घरात संडास जवळ आहे का? लहान मुलाकडे कोण बघेल? माहीत असलेलं एक तरी माणूस सोबत आहे का? रात्री काही झालं तर गाडी मिळेल का? या प्रश्नांची उत्तरं ‘नाही’ असतील, तर चार गोळ्या दवाखान्यात थांबून घेता येतील का ते विचारावं. वेदनेसाठी आयबुप्रोफेन चालतं, नुसत्या पॅरासिटामॉलपेक्षा ते जास्त उपयोगी पडतं. पुढे थोडं थोडं रक्त दहा-बारा दिवस, कधी जास्तही जातं. शंभरातल्या साधारण ९५ वा अधिक जणींचं गोळ्यांवर भागतं. उरलेल्यांची पिशवी रिकामी करून घ्यावी लागते, म्हणून ‘गोळ्या लागू पडल्या नाहीत तर पुढची प्रक्रिया करून घेईन’ हे आधीच मान्य करवून घेतात.

डॉक्टरांनी धोक्याची लक्षणं लिहून द्यायला हवीत. न दिल्यास मागून घ्यावीत. सलग दोन तास, दर तासाला दोन किंवा अधिक पॅड पूर्ण भिजत असतील. ताप उतरत नसेल. घाण वास येत असेल. पोटात सहन न होणारं दुखत असेल किंवा चक्कर येत असेल, तर रात्र आहे म्हणून सकाळची वाट पाहायची नाही. आणि चार गोळ्या घेऊन २४ तासांत रक्तच गेलं नाही, तर ‘बरं झालं, त्रास नाही झाला’ म्हणून गप्प बसू नये. गर्भ नळीत असण्याची शंका तेव्हा घ्यावी लागते.

हे किट भारतात २००८ पासून मिळतं आणि ते डॉक्टरांच्या चिठ्ठीवरच द्यायचं औषध आहे. प्रत्यक्षात देशात अनेक ठिकाणी चिठ्ठीविनाही विकलं जातं. महाराष्ट्रात चित्र उलटं झालं आहे: तपासण्यांच्या कटकटीला कंटाळून बरेच औषध विक्रेते ते ठेवतच नाहीत, त्यामुळे चिठ्ठी हातात असूनही बाई दुकानं फिरते. गोळ्या दवाखान्यातूनच मिळणार आहेत का, हे तिथून निघण्यापूर्वी विचारलेलं बरं.

दुसरा मार्ग म्हणजे व्हॅक्युमने पिशवी रिकामी करणं. बारा आठवड्यांपर्यंत तो सहज वापरतात. ‘एमव्हीए’ म्हणतात त्यात वीजही लागत नाही: प्लॅस्टिकची मोठी सिरिंज, तिला जोडलेली बारीक नळी, आणि हाताने तयार केलेली पोकळी. पिशवीच्या तोंडाशी बधिर करणारं इंजेक्शन देतात. प्रत्यक्ष काम पाच-दहा मिनिटांचं; तेवढा वेळ पाळीसारख्या जोरात कळा येतात. बाहेर आलेलं सगळं डॉक्टर लगेच तपासतात, त्यामुळे पिशवी रिकामी झाली की नाही ते तिथल्या तिथे कळतं. काही तासांनी घरी. खासगी नर्सिंग होममध्ये पुष्कळदा थोडा वेळ पूर्ण भूल देतात. तसं असेल तर उपाशी पोटी जायचं आणि सोबत माणूस हवंच. गावाकडे या सगळ्यालाच ‘पिशवी साफ करणं’ किंवा ‘क्युरेटिंग’ म्हणतात. खरं क्युरेटिंग, म्हणजे धातूच्या धारदार चमच्याने खरवडणं, ही जुनी पद्धत आहे. ती सोडून व्हॅक्युम वापरा असं जागतिक आरोग्य संघटनाही सांगते आणि आपल्या सरकारच्या मार्गदर्शक सूचनाही. तरी काही ठिकाणी ती चालू आहे. ‘व्हॅक्युमने करता की क्युरेटिंगने?’ हा प्रश्न नक्की विचारावा.

एकांत हवा, एका भेटीत उरकायचं आहे, दूरून आलो आहोत, तर व्हॅक्युम बरं पडतं. हत्यार नको, भूल नको, घरी सोबत आहे, तर गोळ्या. ‘पुढे मूल राहत नाही’ ही भीती दोन्हींबद्दल असते आणि नीट केलेल्या गर्भपाताच्या बाबतीत ती निराधार आहे.

बारा आठवडे उलटले की दवाखान्यात राहावं लागतं, अनुभवी स्त्रीरोगतज्ज्ञ लागतात. वीस ते चोवीस आठवड्यांमध्ये दोन डॉक्टरांचं मत आणि ठरावीक गटांतलीच बाई: बलात्कारपीडित, अल्पवयीन, दिव्यांग वा मानसिक आजार असलेली, गरोदरपणातच विधवा झालेली वा घटस्फोट झालेली, आपत्तीत सापडलेली, किंवा गर्भात मोठं व्यंग निघालेली. सप्टेंबर २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की परिस्थिती बदललेल्या अविवाहित बाईलाही या मुदतीतून वगळता येणार नाही. चोवीस आठवड्यांनंतर गर्भात गंभीर व्यंग असेल तर वैद्यकीय मंडळाकडे अर्ज, आणि त्यांना तीन दिवसांत मत द्यावं लागतं. ही हद्द २०२१ पर्यंत वीस आठवडे होती. २००८ मध्ये मुंबईच्या डॉ. निखिल दातारांनी आपल्या रुग्णासाठी उच्च न्यायालयात केलेली याचिका या हद्दीवरच अडकली होती.

मुलगी १८ च्या आतली असेल तर दोन गोष्टी वाढतात. पालकाची लेखी संमती लागते. इथे पालक म्हणजे तिचा सांभाळ करणारी व्यक्ती, ती आई-वडीलच असली पाहिजेत असं नाही, आजी किंवा मावशीही असू शकते. आणि मुलांवरचे लैंगिक अत्याचार रोखणाऱ्या पोक्सो कायद्याने डॉक्टरांना पोलिसांना कळवावं लागतं, संबंध मर्जीचे असले तरी. या धास्तीने मुली दवाखान्याची पायरीच चढत नाहीत, हे ओळखून २०२२ च्या त्याच निकालात न्यायालयाने मोकळीक दिली: मुलीने आणि पालकाने विनंती केली तर पोलिसांना कळवताना तिचं नाव आणि ओळख उघड करायची गरज नाही. ही विनंती स्पष्ट शब्दांत करावी. आपणहून कोणी सुचवेलच असं नाही. सज्ञान बाईवर बलात्कार झाला असेल, तर गर्भपातासाठी आधी एफआयआर नोंदवलाच पाहिजे अशी अट नाही.

आणि कळेल कोणाला? तुमचं नाव दाखल-नोंदवहीत येतं. ही नोंदवही गोपनीय, संस्थाप्रमुखाच्या ताब्यात, पाच वर्षं जपायची. बाकी केसपेपर, शस्त्रक्रियेची नोंद, सगळीकडे नावाऐवजी अनुक्रमांक टाकायचा असा नियम आहे. संमतीचा कागद आणि डॉक्टरांचं मत बंद लिफाफ्यात, वर ‘गोपनीय’ लिहून. २०२१ पासून तुमचं नाव बाहेर फोडणाऱ्या डॉक्टरला एक वर्षापर्यंत कैदेची शिक्षा होऊ शकते. दर महिन्याला वर जाणाऱ्या अहवालात आकडे असतात, नावं नसतात. प्रत्यक्षात बातमी फुटते ती बहुधा नोंदवहीतून नाही, तर फोनवर आलेल्या ‘उद्या फॉलोअपला या’ अशा निरोपातून. कुठल्या नंबरवर, किती वाजता फोन करावा, की करूच नये, हे केसपेपरवर लिहून घ्यायला सांगावं.

निघण्यापूर्वी गर्भनिरोधनाची गोष्ट निघते. पुढचा गर्भ राहायला पाळी परत येण्याची वाट बघावी लागत नाही. गोळ्यांनंतर आठ-दहा दिवसांतही बीज सुटू शकतं. सरकारी दवाखान्यात तांबी, तीन महिन्यांनी एकदा घ्यायचं अंतरा इंजेक्शन, आठवड्याने घ्यायची छाया गोळी (पहिले तीन महिने आठवड्यातून दोनदा), रोजची माला-एन, निरोध, सगळं फुकट मिळतं. व्हॅक्युमनंतर तांबी त्याच वेळी बसवता येते, गोळ्यांनंतर मात्र पिशवी रिकामी झाल्याची खात्री करून. ‘तांबी बसवा नाहीतर ऑपरेशन करा, तरच गर्भपात’ अशी अट घालणाऱ्या दवाखान्याला तसा अधिकार नाही.

पंधराव्या दिवशी पुन्हा दाखवायचं. घरच्या पट्टीवर त्या वेळीही दोन रेषा येऊ शकतात, कारण रक्तातलं संप्रेरक उतरायला चार आठवड्यांपर्यंत लागतात. त्यावरून घाबरायचं नाही आणि परत गोळ्याही घ्यायच्या नाहीत, डॉक्टर तपासून सांगतात. नोकरी करणाऱ्या बाईने याच भेटीत, किंवा त्याआधीच, रजेसाठी दाखला मागून ठेवावा. अर्ज केल्यावर डॉक्टर असा दाखला देऊ शकतात अशी सोय गर्भपाताच्या नियमांतच आहे, आणि प्रसूती लाभाच्या कायद्याने गर्भपातानंतर सहा आठवड्यांची पगारी रजा दिलेली आहे. मूल झालं तरच रजा असते असं समजून दुसऱ्या दिवशी कामावर उभ्या राहिलेल्या बायका कमी नाहीत, आणि कंपनी हे आपणहून सांगत नाही.